डच निसर्गचित्रांतला उजेड : आभाळाचा किती, चित्रकाराचा किती?

सायंतारा

चित्रकलेवर गप्पा सुरू झाल्या की ‘डच लाइट’ हा शब्द हमखास येतो. हॉलंडच्या आभाळातच काहीतरी जादू होती आणि सतराव्या शतकातल्या चित्रकारांनी ती नुसती उतरवून घेतली, असा काहीसा त्या बोलण्याचा सूर असतो. मला हे पटत नाही. तिथलं आभाळ वेगळं असेलच, पण त्या चित्रांत ऊन कुठे पडतं ते जरा नीट बघा. फार हिशेबी ऊन आहे ते!

एकच चित्र घेते. याकोब व्हॅन राउसडालचं हार्लेम शहराचं दृश्य. साधारण १६७० ते १६७५ च्या दरम्यानचं, सध्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात. आकार जेमतेम ५५ बाय ६२ सेंमी. वरचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ, खाली सपाट जमीन, क्षितिजावर सिंट बाव्हो चर्चचं अवाढव्य धूड. ढगांच्या सावल्या जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या आहेत. अगदी पुढचा वाळूचा उंचवटा काळोखात, मग उजेड, मग काळपट झाडी, मग लांबवर पुन्हा उजेड. आता पुढचा तो उजळ पट्टा पडलाय कशावर? पिकावर नाही, चर्चवर नाही. गवतावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्यांवर.

ते कापड म्हणजे हार्लेमचा धंदा. लिननचं कोरं कापड क्षाराच्या पाण्यात उकळायचं, आंबट ताकात भिजत घालायचं, धुवायचं, हिरवळीवर ताणून पसरायचं, सुकू न देता वरून पाणी मारत राहायचं. आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. वसंतात सुरू झालेलं काम शरदापर्यंत चालायचं. वाळूच्या टेकड्यांतून झिरपून आलेलं स्वच्छ पाणी जवळच होतं, त्यामुळे परदेशातूनसुद्धा कापड पांढरं करायला इथे यायचं. म्हणजे त्या गावाला ऊन हा कच्चा माल होता. राउसडालने ते बरोब्बर गिऱ्हाइकाच्या मालावर पाडलंय. चित्रात कापडाशी वाकलेली माणसं आहेत, पण ती शोधावी लागतात.

त्याने हार्लेमची अशी बरीच दृश्यं केली. तेव्हाच्या घरसामानाच्या याद्यांत त्यांना ‘हार्लेम्पिए’ असं लाडाचं नाव आहे. म्हणजे मागणी होती. घेणारा शहरातला, भिंत शहरातली, आणि तिच्यावर शहराच्या बाहेरचं गवत.

तुम्हाला काय वाटतं? हा उजेड म्हणजे हवामानाची नोंद, की चित्रकाराने बोट ठेवून ‘इथे बघा’ सांगणं?

आम्स्टलवेनकर

छान धागा. पण थोडा विरोध नोंदवतो, कारण मी रोज याच आभाळाखाली सायकल हाणतो.

ढगांच्या सावल्या जमिनीवरून अशाच पळतात हो इथे. डोंगर नाही, टेकाड नाही, समुद्रावरून वारा येतो आणि एकाच कुरणाचा अर्धा भाग लख्ख, अर्धा काळा. दोन मिनिटांत उलट. राउसडालला फार काही रचावं लागलं नसेल.

दुसरं म्हणजे सूर्याची उंची. हा देश ५२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर १५ अंशसुद्धा चढत नाही. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे इथे हिवाळ्यात दिवसभर आपल्याकडच्या संध्याकाळसारखं तिरकं ऊन. जूनमध्ये दुपारी ६१ अंशांपर्यंत जातो, पण मध्यरात्रीसुद्धा फार खाली उतरत नाही, त्यामुळे आभाळ पुरतं काळं होतच नाही. त्यात चहूकडे कालवे, चर, ओली जमीन, हवेत कायम दमटपणा. उजेड वरून येतो तसा खालूनही येतो.

अवांतर: एप्रिलात पहिलं खरं ऊन पडलं की आमच्या ऑफिसातली माणसं मीटिंग अर्धी टाकून बाहेर भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहतात. कंपनी काही बोलत नाही.

रंगारी_काका

दोघांचंही खरं आहे, पण एक गोष्ट राहिली. ही तैलचित्रं जागेवर बसून केलेली नाहीत. तैलरंगाची धातूची ट्यूब आली १८४१ साली. त्याआधी रंग घोटायचा, डुकराच्या फुकण्यात भरून ठेवायचा. एवढं सगळं घेऊन वाऱ्यात चिखलात कोण जाणार? ही मंडळी बाहेर जायची ती काळा खडू आणि वही घेऊन. यान व्हॅन गोयेनच्या अशा वह्या शिल्लक आहेत. झोपडी, होडी, चर्चचा मनोरा, भराभर चार रेघा. रंग नंतर, खोलीत. त्यामुळे ‘पाहिलेला उजेड’ म्हणजे खरं तर आठवलेला उजेड.

व्हॅन गोयेनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. जन्म १५९६, लायडन. याच्याकडे राउसडालसारखं नाट्य नाही. तपकिरी, करडा, मळकट पिवळा, बस्स. ओकच्या फळीवर इतका पातळ रंग की लाकडाच्या रेषा वरपर्यंत दिसतात. प्रत्यक्ष बघाल तर नदीच्या पाण्यात आडव्या रेषा दिसतील, त्यातल्या काही ब्रशच्या असतात आणि काही चक्क झाडाच्या! फळीचा उबदार रंग खालून येतो आणि तोच धुक्यातला उजेड होतो. आम्ही जलरंगवाले कागदाचा पांढरा राखतो, त्याच जातीचं काम.

सॅम्युएल व्हॅन होगस्ट्रातेनने १६७८ च्या ग्रंथात एक किस्सा दिलाय. तीन चित्रकारांची पैज लागली, दिवसाभरात चित्र पुरं करायचं. त्यातल्या व्हॅन गोयेनने आधी अख्ख्या फळीवर कुठे गडद कुठे फिका रंग फासला आणि मग त्या गोंधळातूनच एकेक घर, होडी, गुरं बाहेर काढली. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण चित्रं बघून विश्वास बसतो.

आणि यात पैशाचंही गणित आहे. पातळ रंग, स्वस्त रंगद्रव्यं, झपाट्याचं काम, म्हणजे चित्र स्वस्त पडतं आणि जास्त विकलं जातं. त्याच्या नावावर हजाराच्या वर चित्रं आहेत. तरी बिचारा १६५६ मध्ये वारला तो कर्जात. जमिनी, घरं आणि ट्यूलिपचे कंद, सगळ्यांत हात घातला होता, कंदांत तर १६३७ साली बाजार कोसळायच्या तोंडावर. (जावई यान स्टेन. तोही पैशाच्या बाबतीत सासऱ्याचा चेला.)

वेंगुर्लेकरीण

१६३७! आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार सुरू झाली तेच साल. पडके अवशेष अजून आहेत, लहानपणी तिथे जायला बंदी होती, सापांमुळे. तिकडे कंद बुडत होते आणि इकडे मिरीचा हिशेब लिहिला जात होता. चित्रं घेणाऱ्यांच्या खिशात पैसा कुठून आला, त्याचं एक टोक आमच्या बंदरात.

बाकी चित्रकलेतलं कळत नाही, वाचतेय.

गोठ्यातला_गणू

पाउलस पॉटरच्या वळूचा विषय निघाला नाही अजून? मग धागा कसला हा!

१६४७ चं चित्र, मॉरित्सहाउसमध्येच. जवळजवळ अडीच मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद. म्हणजे वळू खऱ्या मापाचा. चित्रकाराचं वय २१. आधी त्याने फक्त वळू काढायला घेतला होता, मग कॅनव्हासला पट्टे जोडून गाय, मेंढ्या, झाड आणि झाडाला टेकलेला शेतकरी आत घेतला. त्या काळी एवढ्या मापात राजेरजवाडे नाहीतर देवदेवता काढायचे, याने जनावर काढलं. १७९५ मध्ये फ्रेंच फौजांनी ते उचलून पॅरिसला लूव्ह्रमध्ये नेलं, १८१५ मध्ये परत आलं. पॉटर २८ व्या वर्षी गेला.

मी गुरं पाळतो म्हणून सांगतो, हा वळू कुठल्याही गोठ्यात सापडणार नाही. जाणकारही म्हणतात की वेगवेगळ्या वयाच्या जनावरांचे भाग एकत्र केलेत. पण कातडीवरचा उजेड बघा. पाठीवर केस कसे झोपतात, कपाळावर कसे वळतात, अंगावर माशा बसल्यात. खाली गवतात बेडूक आहे, वर आभाळात चंडोल. आणि पुढे हे सगळं ढगाखालचं मंद, पण लांब उजवीकडे कुरणावर ऊन पडलंय आणि तिथे बारक्या गाई चरतायत. मला तो लांबचा तुकडाच जास्त आवडतो. पुढचा वळू म्हणजे पैलवानाने फोटोला उभं राहावं तसा.

चकली_भाजणी

माझ्या डोक्यात डच चित्र म्हटलं की सोनेरी संध्याकाळ, नदीकाठी बसलेल्या गाई आणि घोड्यावरचा लाल कोटवाला. तो कोण? की मी गल्ली चुकलेय?

सायंतारा

@चकली_भाजणी, गल्ली बरोबर आहे. तो आल्बर्ट कॉइप, डॉर्ड्रेख्तचा. आणि तो माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. त्याचं ते मधाळ ऊन डच नाहीच! यान बोथ नावाचा उट्रेख्तचा चित्रकार रोममध्ये राहून १६४० नंतर परतला आणि येताना इटलीतलं संध्याकाळचं ऊन घेऊन आला. कॉइप स्वतः कधी इटलीला गेला नाही. त्याने बोथचं बघून ते ऊन उचललं आणि मास नदीकाठच्या आपल्या गाईंवर ओतलं. पाठीच्या कडांना सोनेरी रेघ, गुराख्याच्या टोपीला सोनेरी रेघ. १६५८ मध्ये श्रीमंत विधवेशी लग्न झालं आणि मग चित्रं काढणं जवळजवळ थांबलं. पुढच्या शतकात इंग्रज उमरावांनी त्याची चित्रं भराभरा उचलली, म्हणून उत्तम कॉइप बघायला आज लंडन गाठावं लागतं.

@आम्स्टलवेनकर, सूर्याच्या उंचीचा मुद्दा एकदम मान्य. पण आभाळाने दिलं ते सगळ्यांना सारखंच दिलं ना? त्याच नद्या, तेच ढग, आणि व्हॅन गोयेन करडा, कॉइप पिवळा, राउसडाल काळापांढरा. मग फरक कुणी केला?

ढगफुटी

फरक थोडा रसायनांनीही केला.

आज दिसतो तो रंग म्हणजे त्यांनी लावलेला रंग, असं धरून चालू नका. आभाळाला निळा हवा तर अस्सल अल्ट्रामरीन प्रचंड महाग, म्हणून पुष्कळ जण स्मॉल्ट वापरायचे. ती कोबाल्टने निळी केलेली काच असते, दळून पूड केलेली. तेलात बसली की तिच्यातलं पोटॅशियम हळूहळू बाहेर पडतं आणि निळा जाऊन करडा, तपकिरी उरतो. झाडांचं उलट. हिरवा करायला निळ्यात वनस्पतींपासून काढलेला पिवळा मिसळायचे, तो उजेडाने उडतो. म्हणून काही चित्रांत पानं निळसर दिसतात. वरून जुनं व्हार्निश पिवळं पडलेलं, ते वेगळंच. ‘उदास डच आभाळ’ असं वाचलं की मला पहिली शंका स्मॉल्टची येते.

रंगारी_काका

ढगफुटी, मुद्दा चांगला आहे, पण व्हॅन गोयेनचा करडेपणा स्मॉल्टच्या माथी मारू नका. तो त्याने ठरवून केला. १६३० च्या आसपास हार्लेम आणि लायडनकडे बरेच जण असंच काम करत होते, राउसडालचा काका सालोमोनसुद्धा.

बाभूळबन

उजेडावर सगळे बोलतायत, गावाकडच्या जगण्यावर कुणी नाही. शीर्षकात नसेल, पण चित्रांत तर आहे.

की नाहीच? राउसडाल आणि त्याचा शिष्य होबेमा यांच्या कित्येक चित्रांत माणसं त्यांनी स्वतः काढलेलीच नाहीत. आड्रियान व्हॅन द व्हेल्डसारख्या दुसऱ्या चित्रकाराकडून भरून घेतली. झाडं एकाची, शेतकरी दुसऱ्याचा. म्हणजे माणूस म्हणजे शेवटी घातलेली कोथिंबीर. बेमस्टरचं तळं १६१२ मध्ये पवनचक्क्या लावून उपसलं, तळाची उत्तम जमीन निघाली, पैसे कुणी घातले होते? आम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी. त्याच वर्गाने पुढे गाई-कुरणांची चित्रं भिंतीवर लावली. चित्रातली गाय धुतलेली, गुराखी धुतलेला, गोठ्यात शेण नाही. चर उपसणारा माणूस मला या सगळ्या सोनेरी पसाऱ्यात दाखवा, मी धाग्याला सलाम करतो.

गोठ्यातला_गणू

शेणाबद्दल सहमत. +१

सायंतारा

बाभूळबन, आरोप बराचसा खरा आहे, पण सरसकट नाही. हेन्ड्रिक आव्हरकाम्प बघा. काम्पेनचा, मुका होता, बहुधा बहिराही. साधारण १६०८ चं त्याचं बर्फावरच्या माणसांचं चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. लांबून जत्रा दिसते. जवळ जाऊन डावा खालचा कोपरा बघा. जुनं दार काठीवर तिरकं टेकवून पाखरं धरायचा सापळा केलाय. त्याच बाजूला मेलेल्या जनावराला कुत्रा आणि कावळे तोडतायत. कुणी उघड्यावर बसलंय. श्रीमंत जोडपी त्यांच्याच शेजारून घसरत चाललीत. आणि उजेड? कुठूनच येत नाही आणि सगळीकडे सारखा आहे, गुलाबीसर, सावली जवळजवळ नाही. ऊन कुणाचीच बाजू घेत नाही. त्या काळात हिवाळे खरोखरच कडक पडत होते, त्यामुळे गोठलेला कालवा हा कल्पनेचा खेळ नव्हता.

आणि काम करणारा माणूस हवाय ना? होबेमाचं ‘मिडलहार्निसचा रस्ता’, १६८९, लंडनची नॅशनल गॅलरी. दोन्ही बाजूंना उंच, शेंड्यालाच पानं असलेली झाडं, मधून चिखलाचा रस्ता, समोरून बंदूक आणि कुत्रा घेऊन एक माणूस येतोय. सगळे त्याच्याकडे बघतात. उजवीकडे वाफे आहेत आणि त्यात एक माणूस रोपांची छाटणी करतोय. निगुतीने, आपल्या कामात. झाडं सरळ वाढतात ती आपोआप नाही, हे चित्रातच सांगितलंय.

याच चित्राचा क्ष-किरण फोटो माझ्या मूळ मुद्द्याला धरून आहे. होबेमाने रस्त्याच्या पुढच्या भागात आणखी दोन झाडं काढली होती, एकेका बाजूला एक. नंतर त्यांच्यावर रंग फिरवून ती पुसली. आभाळ मोकळं झालं, रस्त्यावर उजेड आला. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय देऊ? तेव्हा त्याची नोकरी आम्स्टरडॅममध्ये वाइनची पिंपं मोजायची होती, १६६८ पासून. चित्रं क्वचितच काढायचा. गिऱ्हाईक समोर नसताना केलेली खटपट असावी, असं मला वाटतं.

बाभूळबन

छाटणीवाला मान्य. अर्धा सलाम.

उरलेला अर्धा मी दोनशे वर्षांनी पुढे जाऊन देईन. हेग स्कूलवाले म्हणजे हेगमधल्या चित्रकारांचा गट आला, माउव्ह, वाइसेनब्रुख, मारिस बंधू. त्यांनी परत करडं आभाळ आणलं. पण बाजार तोच! आंटोन माउव्हच्या मेंढ्या अमेरिकेत इतक्या खपायच्या की तोंड पुढे करून येणाऱ्या मेंढ्यांच्या चित्राला जास्त भाव आणि पाठ फिरवून जाणाऱ्यांना कमी, असं सांगतात. याच माउव्हकडे, नात्याने जवळचा म्हणून, व्हॅन गॉग १८८१ च्या शेवटाला रंग शिकायला गेला. पुढे १८८३ मध्ये ड्रेन्थेच्या दलदलीत जाऊन आला आणि १८८५ मध्ये न्यूनेनला ‘बटाटे खाणारे’ केलं. दिवसभराचं ऊन संपलेलं, टांगलेला एक दिवा, त्याखाली पाच जण. रंग कसा, तर न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा, हे त्यानेच पत्रात लिहिलंय. ज्या हातांनी बटाटे खणले तेच हात ताटात जातायत, हे त्याला दाखवायचं होतं. कुरणावरचा उजेड इतकी वर्षं सगळ्यांनी रंगवला, त्या कुरणावरचा माणूस घरी गेल्यावर त्याला किती उजेड मिळतो ते यानेच विचारलं.

चकली_भाजणी

बाभूळबन, आज चक्क गोड बोललात. तारीख लिहून ठेवते.

आम्स्टलवेनकर

अजून एक वाद टाकतो आणि पळतो. जर्मन कलावंत योझेफ बॉइस म्हणायचे की झाउदरझे या आतल्या समुद्राची जमीन केली आणि डच उजेड विझला. मोठा आरसाच काढून घेतला म्हणे. १९३२ मध्ये बंधारा पुरा झाला, मग एकेक पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेला जमिनीचा तुकडा, कोरडा केला गेला. त्यावर इथे माहितीपटही निघालाय.

मला स्वतःला हे गंमतशीर वाटतं. बेमस्टर उपसलं तेव्हाही आरसाच काढला होता की! राउसडालच्या आधीच काढला. तरी त्याला उजेड कमी पडला नाही.

सायंतारा

याला म्हणतात घरभेदी. माझाच मुद्दा सिद्ध करून दिलात, आभार.

रंगारी_काका

हेगला कुणी जाणार असेल तर या वादासाठी एक जागा सुचवतो. चित्रकार मेस्दाखचं पॅनोरमा, १८८१ चं. हेगजवळच्या शेवेनिंगनचा किनारा गोल भिंतीवर रंगवलाय, १४ मीटर उंच आणि जवळपास १२० मीटर घेर. मध्ये उंचवट्यावर आपण उभे, खाली खरी वाळू, आणि उजेड येतो तो वरच्या काचेच्या छतातून, पण छत दिसत नाही. बाहेर सूर्यापुढे ढग आला की आत रंगवलेला समुद्र काळवंडतो. ढग गेला की पुन्हा उजळतो. आता यातला किती आभाळाचा आणि किती मेस्दाखचा, ते तुम्ही दोघं तिथेच उभं राहून भांडा.

आम्स्टलवेनकर

काका, बेस्ट. मॉरित्सहाउसपासून चालत जाण्यासारखं आहे, एका दिवसात दोन्ही होतं. नेदरलँड्सकर मंडळी, मे महिन्यात गटग (गेट-टुगेदर) करूया का? डबे घरून आणा, संग्रहालयातल्या सँडविचच्या किमती बघून माउव्हच्या मेंढ्या स्वस्त वाटतील. येणाऱ्यांनी माझ्या विचारपुशीत (विपु) निरोप टाका. वेंगुर्लेकरीणबाई, तुमच्या तिकडच्या वखारीचे फोटो या धाग्यावर टाकाल का?

वेंगुर्लेकरीण

पावसाळा संपला की टाकते. आत्ता तिथे रान माजलंय, आणि सापांचं सांगितलंच.